तीन भोकांचं बटण

१४ जानेवारी

प्रिय भिंगरे,

तू मशीन बसवून, अर्धा कप चहा तसाच टाकून गाडी पकडायला पळालीस, त्याला आज आठ दिवस झाले. हे फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करत असतेस आणि मागे तुझी बोटं टकटक चाललेली मला ऐकू येतात. पत्र वाचताना निदान हात तरी गुंतलेले राहतात. म्हणून यापुढे पत्रच.

मशीन गुणी आहे, खोटं कशाला बोलू? काजं अशी घालतं की बघत राहावं. कोटाला सहा काजं करायला माझा अर्धा दिवस जायचा, हे बसल्या बसल्या उरकतं. काका तर दोन दिवस खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले होते. शेवटी मी म्हटलं, चाळीस वर्षं मी हेच करते आहे, माझ्यासमोर कधी खुर्ची ओढली नाहीत ती!

पण त्याला एक खोड आहे. वरच्या दिव्याशेजारी तो जो काळा डोळा बसवलाय, त्याला सगळ्यात नाक खुपसायची सवय. मी मापांची वही नेहमीसारखी टेबलावर उघडी ठेवते. की लगेच पडद्यावर अक्षरं उमटतात : "कंबर ३९. आखणी दाखवू का?" मी म्हटलं, दाखव तुझ्या आजीला! आखणी आणि कापणी मी माझ्या खडूनं आणि माझ्या कात्रीनं करणार. आणि ते ३९ वाचून मला इतकं हसू आलं की टाचण्यांची डबी सांडली. का हसू आलं ते विचारू नकोस. धंद्यातली गोष्ट आहे.

दिलंस ते मनापासून दिलंस, पोचलं. वेळेवर जेवत जा.

तुझी मावशी

२२ जानेवारी

मावशे,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि सगळा मजला गोळा झाला. आमच्याकडे कागदाचं पत्र आलं की लोकांना वाटतं कुणीतरी कोर्टात खेचलं!

तू हसलीस म्हणजे मशीननं आकडा चुकीचा वाचला असणार. तसं असेल तर उजवीकडच्या चक्रावर बोट ठेव, "अपडेट" करू का म्हणेल, "हो" म्हण. आणि डोळ्याची काळजी नको. रोज साठ माणसं मला फोन करून विचारतात, मशीन आमच्याकडे बघतं का हो? मी सगळ्यांना एकच सांगते. आपली माहिती आमच्याकडे आपल्या घरातल्या कपाटाइतकीच सुरक्षित आहे.

माझं बरं चाललंय. या वर्षी मला हेल्पडेस्कची प्रमुख करतील असं म्हणतात. काकांना सांग, खुर्ची आता तुझ्यासमोर ओढा.

तुझी भिंगरी

९ मार्च

भिंगरे,

आज अक्षर सांभाळून घे.

मुख्याध्यापिकाबाई आठवतात ना? लहानपणी त्या कोट घालून बघायला आल्या की तू टेबलाखाली जाऊन बसायचीस. त्या मंगळवारी आल्या. पडद्याआड दोघीजणी ट्रायलला थांबल्या होत्या, त्यांच्यादेखत बाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला. वर लिहिलेलं : "आपली कंबर ३९ इंच. चार महिन्यांत ३४ करायची? आमचा पट्टा वापरा."

बाई म्हणाल्या, "हा आकडा मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेला नाही. टेप फक्त तुमच्या हातात होता. तुम्ही बोललात, आणि बोललात ते बोललात, वर तिखटमीठ लावून बोललात!" माझा अर्धवट शिवलेला कोट त्यांनी बाह्यांशिवाय उचलला आणि गेल्या. पडद्याआडच्या दोघीही मागोमाग गेल्या.

तेव्हापासून आणखी सहाजणींना असलेच निरोप आलेत. कुणाला पट्टा, कुणाला गोळ्या, एकीला तर "जाड बायकांसाठी खास" म्हणून कपड्यांच्या दुकानाचा. परवा भाजी घ्यायला गेले तर दोघी मला बघून बोलायच्या थांबल्या.

तुला माहीत आहे, माझ्याकडे पाटी नाही, जाहिरात नाही. आरसा एकच आहे, तोही पडद्याच्या आत. बायका माझ्याकडे येतात ते शिवणीसाठी नाही येत, बरी शिवण चार ठिकाणी मिळते. इथलं इथेच राहतं म्हणून येतात. ते एक नाव होतं माझं. तेच गेलं तर हातात राहिलं काय, कात्री?

तू त्या कंपनीत आहेस म्हणून विचारते. हे मशीन बोलतं का गं कुणाशी?

मावशी

१५ मार्च

प्रिय मावशी,

वाचून फार वाईट वाटलं. मी लगेच वर विचारलं. त्यांनी सांगितलं की असं होऊच शकत नाही. आपली माहिती आमच्याकडे आपल्या घरातल्या कपाटाइतकीच सुरक्षित आहे.

आता रागावू नकोस. हल्ली बायका स्वतःच फोनमध्ये कुठल्या कुठल्या ॲपवर वजन आणि माप भरतात आणि मग विसरून जातात. तिथून गेलं असेल. आणि दुसरं म्हणजे, तू कधी बोलता बोलता काकांना, शेजारणीला काही म्हणाली नाहीस ना? मुद्दाम नाही गं, सहज. माणसाच्या तोंडून निघून जातं.

थोडे दिवस शांत राहा, लोक विसरतात. मशीन मात्र बंद ठेव. म्हणजे, वापरायचंच नसेल तर, एवढ्यासाठी म्हणते.

भिंगरी

२० मार्च

भिंगरे,

काय म्हणालीस? मी "सहज" बोलले असेन? तुझ्या आईच्या लग्नातल्या पोलक्याचं माप मी आजवर तुझ्या आईला सांगितलेलं नाही! पत्र वाचलं, घडी घातली, आणि काकांना म्हटलं, माझी भाची मला चहाडखोर म्हणते. ते म्हणाले, "तुला गुपित सांगणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं, आवाजही येत नाही." नवऱ्यानं चाळीस वर्षांत एकदा कौतुक केलं, तेही या पायी.

रागानं बटण लावायला बसले. बटण लावताना माझं डोकं चालतं. बाईंचं एक वाक्य कानात अडकून बसलं होतं : "वर तिखटमीठ लावून बोललात." आणि सुई हातात तशीच राहिली. अगं, ३९! बाईंची कंबर ३९ नाहीच मुळी!

आता तुला जानेवारीत का हसले ते सांगते. नीट वाच. मला शिवण शिकवणारे मास्तर सांगायचे, वही कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागणारच. म्हणून वहीत खरी कंबर लिहायची नाही, वाढवून लिहायची. किती वाढवली ते आपल्याला कळावं म्हणून पानाच्या कोपऱ्यात एक बटण काढायचं. बटणाला जितकी भोकं, तितके इंच वाढीव. कुणाचं दोन भोकांचं, कुणाचं चार, कुणाचं एक. बाईंचं तीन. कापताना भोकं मोजायची आणि वजा करायची. मास्तर गेले, त्यांच्या हाताखालच्या सगळ्या गेल्या, आता ही रीत जगात मला एकटीला माहीत आहे. माझ्या हाताखाली दोघी शिकून गेल्या, त्यांनाही सांगितलेली नाही.

म्हणजे बघ. मी बोलले असते तर खरा आकडा बोलले असते. बाईंनी स्वतः कुठे भरला असता तर खरा भरला असता, उलट सगळ्याजणी दोन इंच कमीच भरतात! ३९ हा आकडा पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी आहे, माझ्या वहीत. आणि वही माझ्याखेरीज फक्त त्या काळ्या डोळ्यानं वाचली आहे. त्याला आकडे कळले, बटण कळलं नाही. नक्षी वाटली असेल मेल्याला.

सातही जणींचे निरोप मागून घेतले आणि वहीशी ताडून पाहिले. सातच्या सात वहीबरहुकूम.

आणखी एक, आणि हे लिहिताना मला हसू येत नाही. औषधांच्या दुकानात काम करणारी पोरगी आहे. फेब्रुवारीत तिचा ड्रेस कंबरेत सैल करून दिला, महिन्याभरानं पुन्हा केला. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आधी एकदा तिचं बिनसलं होतं, म्हणून या वेळी चौथा महिना लागेपर्यंत ती कुणालाच सांगणार नव्हती. पानावर वाढत गेलेले दोन आकडे होते, नंबर घरचा होता आणि तो फोन सासूबाईंकडे असतो. त्यांना निरोप आला : "नव्या पाहुण्याची तयारी झाली का?" घरात काय झालं असेल ते तूच समज. ती माझ्याकडे येऊन नुसती उभी राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

डोळ्यावर मी ठिगळ शिवून बसवलंय. दुहेरी शिवण. आता तू सांग, कपाटाला कुलूप कुणी लावलं होतं आणि किल्ली कुणाच्या खिशात होती?

मावशी

११ एप्रिल

मावशी,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि धीर होत नव्हता.

मशीन मी चालू केलं. पडद्यावर अठरा पानं आली. गाडीला वीस मिनिटं होती. मी पानं सरकवत थेट तळाशी गेले आणि "मान्य आहे" दाबलं. तुझ्या नावानं. एक ओळ न वाचता. रोज साठ लोकांना "अटी नीट वाचून घ्या" म्हणणारी मी!

तुझं नऊ मार्चचं पत्र आलं तेव्हाच मला ती न वाचलेली अठरा पानं आठवली होती. म्हणून तर "मशीन बंद ठेव" असं चोरट्यासारखं लिहिलं. तरी तुझ्यावरच शंका घेतली, कारण ते सोपं होतं. मला माफ कर.

आता अठराही पानं वाचली आहेत. चौदाव्या पानावर लिहिलंय की कॅमेऱ्यासमोर जे जे येईल ते "सेवा सुधारण्यासाठी सहयोगी संस्थांना" देता येईल. आणि "नाही" म्हणायला जागाच नाही. "मान्य आहे" हिरवं आणि तळहाताएवढं. त्याच्या खाली मुंगीएवढं "नंतर विचारा". ते दाबलं की दर दहा मिनिटांनी पुन्हा विचारतं.

आणि तो कपाटाचा डायलॉग माझा नाही. आमच्या टेबलावर उत्तरांची कार्डं असतात. ते कार्ड नंबर सात. कुणी काहीही विचारलं तरी सात वाचायचं. मी माझ्या मावशीलाही सात वाचून दाखवलं.

तुझी बटणाची गोष्ट सोडून बाकी सगळं लिहून साहेबांना दिलं. ते म्हणाले, "आपल्याकडे याला कार्ड आहे ना?" दुसऱ्या दिवसापासून मला तळघरात जुन्या खोक्यांच्या याद्या करायला बसवलंय. प्रमुखबिमुख विसर आता. तू मशीन रस्त्यावर फेकलंस तरी मी काही बोलणार नाही.

भिंगरी

१७ एप्रिल

वेडे,

मशीन कशाला फेकू? काजं चांगली घालतं. चूक काजांची नाही.

आधी तुझा हिशोब मिटवते. तुझी चूक मोठी आहे आणि ती तू सांगितलीस, मला तेवढं पुरे. माझीही आहेच. बिनओळखीचा पाहुणा घरात घेतला आणि गिऱ्हाइकांची वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. मास्तरांनी कान पिळला असता. त्यामुळे अर्धी तुझी, अर्धी माझी, आणि हे आपल्या दोघींचं झालं. कंपनीचं वेगळं.

माझी अर्धी मी फेडली. चार दिवस चप्पल झिजवली. निरोप आलेल्या आता सातच्या अकरा झाल्यात, त्या अकराजणींच्या दारात गेले, एकेकीला सांगितलं, बाई, मी बोलले नाही, पण गेलं ते माझ्या घरातूनच गेलं. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावलं. औषधवाल्या पोरीच्या सासूबाईंना सांगितलं की सूनबाईंनी लपवलं नव्हतं, जपलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी फाटकातच ऐकून घेतलं, "बघू" म्हणाल्या आणि आत गेल्या. कोट काही परत आणला नाही.

कंपनीलाही लिहिलं होतं. उत्तर आलं, चकचकीत कागदावर. उतरवून देते : "आपली तक्रार निराधार असल्याचे आढळले आहे. सदर माहिती आपल्या ग्राहकांनी स्वतःच अन्यत्र दिली असण्याची शक्यता आहे. आपली माहिती आमच्याकडे आपल्या घरातल्या कपाटाइतकीच सुरक्षित आहे." तुझ्या पत्रांतलं वाक्य आणि हे, एकाच थानातून कापलेलं! तुझं अकरा तारखेचं पत्र आलं नसतं तर मी तुझ्याशी जन्मात बोलले नसते, सांगून ठेवते.

मी ग्राहक मंचात तक्रार घातली आहे. वकील नाही, मीच. सुनावणी जुलैत. तिथे तुझं हे पत्र दाखवलं तर बळ येईल. पण पत्र तू मला लिहिलंस, मंचाला नाही. तुझ्या नोकरीवरही येईल. म्हणून विचारते, दाखवू का? इथे "नाही" म्हणायला जागा आहे, आणि "मान्य"पेक्षा जरासुद्धा बारीक नाही. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते : नाही म्हणालीस तरी तू माझीच.

मावशी

२३ एप्रिल

मावशे,

दाखव. अठराही पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, त्याही दाखव. आणि कार्ड नंबर सातही. त्यावर माझ्या चहाचा डाग आहे, तेवढा पोटात घाल.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारून मग माझं "मान्य आहे" घेतलं. बरं वाटतं गं.

भिंगरी

१२ जुलै

भिंगरे, माझ्या सोन्या,

बस आधी. बसलीस? जिंकलो!

आता पहिल्यापासून सांगते आणि काहीही गाळणार नाही. काकांना चार वेळा सांगून झालं, ते पाचव्यांदा ऐकायला तयार आहेत, पण मला तुलाच सांगायचंय.

मंचाची खोली म्हणजे शाळेचा वर्ग असतो तशी. पुढे अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला मी, पिशवीत वही. दुसऱ्या बाजूला कंपनीचे तीन वकील. मोठ्या वकिलाचा कोट महागातला, पण डावा खांदा उतरलेला. मला सारखं उठून तिथे टाचणी मारावीशी वाटत होती. मागच्या बाकांवर माझी गिऱ्हाइकं. मी अकराजणींना बोलावलं होतं, नऊ आल्या. मुख्याध्यापिकाबाई सगळ्यात मागे, पर्स मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं.

मी वही दाखवली, निरोप दाखवले. आकडे तंतोतंत. वकील उठला, गोड हसला. म्हणाला, "वहीत मापं आहेत, कारण ती या बायकांची मापं आहेत. तीच त्यांनी स्वतः आणखी दहा ठिकाणी दिली असतील. यात आमच्या मशीनचा काय संबंध?"

मी म्हटलं, "साहेब, ही मापं जगात कुणाच्याच अंगाची नाहीत." आणि बटणाची रीत सांगितली. मास्तरांची क्षमा मनातल्या मनात मागितली आणि सांगितली. खोलीत कुजबुज झाली. वकील म्हणाला, "छान गोष्ट आहे. काल रात्री सुचली का? वहीतलं माप खोटं हे खरं कशावरून? बाईंनी खरी मापं सांगावीत, आम्ही ताडून बघू."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा. तुम्हाला पाठ असतीलच."

पाठ? अगं, झोपेतून उठवलं तरी सांगेन. नऊच्या नऊ आकडे जिभेवर होते. ते सांगितले की खटला माझा, नाव माझं, सगळं परत. आणि मागे नऊजणी बसलेल्या. मी म्हटलं, "नाही सांगणार."

"बाई, मग तुमची तक्रार फेटाळावी लागेल."

मी म्हटलं, "फेटाळा. मी इथे आलेच मुळी यासाठी की त्यांचं माप मी कुणाला सांगितलं नाही. ते सिद्ध करायला आता चारचौघांत सांगू? मग यांच्या मशीनमध्ये आणि माझ्यात फरक काय?" आणि वही मिटली.

वकिलानं कागद गोळा करायला घेतले. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. आपल्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या! पर्स बाकावर ठेवली, घसा साफ केला, आणि ज्या आवाजात त्यांनी तीस वर्षं मैदानावरच्या पोरांना गप्प केलं, त्या आवाजात म्हणाल्या, "माझी कंबर छत्तीस आहे. एकोणचाळीस नाही. लिहून घ्या, आणि लिहिलेलं वाचून दाखवा."

कारकुनाला काय करावं कळेना. बाई म्हणाल्या, "लिहा! ३९ ला तीन भोकं, ३९ वजा ३ किती? हे तुम्हाला कुठल्या शाळेत शिकवलं नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मार्चमध्ये मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. ते चारचौघांत बोलले होते, म्हणून हेही चारचौघांत. माझं माप मी सांगितलं तर ते सांगणं. दुसऱ्यानं सांगितलं तर ती चोरी."

भिंगरे, मी रडले. लाजत नाही सांगायला, ढसाढसा रडले.

मग एकेक उठू लागली. अध्यक्षबाईंनी शहाणपणानं मार्ग काढला. बाजूची खोली उघडून दिली, मंचाच्या महिला कारकून आत, माझा टेप त्यांच्या हातात. आत माप घ्यायचं आणि बाहेर येऊन फक्त फरक सांगायचा. ज्या बाईचं पान, तिच्या कोपऱ्यातली भोकं अध्यक्षबाई स्वतः मोजत होत्या. "फरक दोन." भोकं दोन. "फरक चार." भोकं चार. "फरक एक." भोक एक. सातव्या बाईला दोनचा फरक हवा होता, निघाला दीड, तेव्हा वकील टुणकन उठला. ती बाई म्हणाली, "अहो, मार्चपासून अर्धा इंच वाढलेय, पुरे ना आता!" अध्यक्षबाईसुद्धा हसल्या.

शेवटी औषधवाली पोरगी उठली. सातवा महिना, कारकून तिचा हात धरून आणत होत्या. ती म्हणाली, "माझं माप घेऊन आता उपयोग नाही." सगळे हसले, तीही हसली. मग म्हणाली, "पण ती बातमी माझी होती. मला ती माझ्या तोंडानं सांगायची होती. ती परत नाही मिळणार मला. एवढंच लिहा." तिच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तिला खाली बसवलं आणि पाठीवर हात ठेवला.

मग वकिलानं शेवटचा पत्ता काढला, की "मान्य आहे" तर दाबलं होतं. मी तुझं पत्र पुढे केलं, अठरा पानं केली, डागासकट कार्ड नंबर सात केलं. अध्यक्षबाईंनी चौदावं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मान्य म्हटलं मावशीच्या नावानं भाचीनं. या नऊजणींना कुणी विचारलं? आणि 'नाही'चं बटण कुठे आहे, दाखवा." तिन्ही वकील पानं उलटत राहिले. भिंगरे, अठरा पानं पुढून मागे, मागून पुढे! नाहीच तर सापडणार कुठून?

निकाल असा : आमच्या सगळ्या नोंदी पुसायच्या, ज्यांना दिल्या त्यांच्याकडूनही पुसून घ्यायच्या आणि तसा पुरावा द्यायचा. प्रत्येक बाईला कंपनीच्या संचालकांनी स्वतःच्या सहीचं माफीपत्र टपालानं पाठवायचं, घरच्या फोनवर नाही. आणि यापुढे विकलं जाणारं प्रत्येक मशीन आधी "नाही" म्हणायला जागा देईल, "मान्य"एवढ्याच मोठ्या अक्षरात. तोवर डोळा झाकलेला.

बाहेर आलो तर बाईंनी पर्समधून पुडकं काढलं. बाह्यांशिवायचा कोट! सकाळपासून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "थंडीच्या आत द्या," म्हणाल्या.

मावशी

१८ जुलै

मावशे!

निकाल आमच्या ऑफिसात तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी पोचला. तळघरापर्यंत धावपळ ऐकू येत होती. दुपारी कुणीतरी येऊन सगळ्या टेबलांवरची कार्ड नंबर सात गोळा करून नेली. माझ्या जुन्या टेबलावरची मुलगी धावत खाली आली आणि विचारू लागली, "आता लोकांनी विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, त्याचं कार्ड नाहीये गं. आम्ही दोघी खोक्यांवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

मी राजीनामा दिला. कुणी मागितला नाही, मीच दिला. ग्राहकांच्या बाजूनं अटी वाचून सांगणारी एक संस्था आहे, तिथे महिनाअखेरीला मुलाखत आहे. लोकांच्या वतीनं अठरा पानं वाचायचं काम! मला पगार देऊन तेच करायला लावणार, याला म्हणतात दैव.

जिंकलीस तू, मावशे. मी तर हे पत्र उभ्यानं लिहितेय, बसवतच नाही.

मुलाखतीला कोट हवाय गं. निळा, साधा, डावा खांदा न उतरलेला. माप घेऊन ठेवलंय, पुढच्या पत्रात पाठवते.

भिंगरी

२१ जुलै

भिंगरे,

खबरदार, माप पत्रातून पाठवलंस तर! एवढं रामायण झालं आणि तू आपली कंबर टपाल खात्याच्या हवाली करायला निघालीस? मापासाठी अंग लागतं, ते घेऊन ये. मुलाखत कुणा मैत्रिणीच्या कोटात दे आणि नोकरीचा पहिला दिवस माझ्या कोटात काढ. नोकरी लागणार, मला माहीत आहे.

संचालकांची माफीपत्रं आली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या पत्रातल्या तीन चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं. दहापैकी साडेचार दिलेत. मार्चमध्ये पडद्याआडून निघून गेल्या होत्या त्या दोघी काल आल्या, आणि येताना आणखी चौघींना घेऊन आल्या. पडद्याबाहेर आता बाक टाकावा लागलाय. औषधवाल्या पोरीनं बाळाच्या झबल्याचं कापड आणून दिलं, या वेळी मोठ्यानं सांगून, सगळ्यांसमोर.

मशीन काजं घालतंय. डोळ्यावर ठिगळ आहेच. कंपनीचा माणूस झाकण बसवायला आला होता, मी म्हटलं, ठिगळावर बसवा. एकाला दोन बरी.

तुझं पान वहीत काढून ठेवलंय. बटणाची रीत आता चव्हाट्यावर आली, तेव्हा तिचा उपयोग संपला. काल दुपारी बसून नवी रीत काढली. मास्तर असते तर खूश झाले असते.

नवी रीत कुणालाच सांगितलेली नाही. काकांना नाही, बाईंना नाही.

तुलाही सांगणार नाही.

मावशी